फोल्ड म्हणावं की मॅच? नाव, क्रम आणि अर्थ

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल कारखान्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, कोड टाइपस्क्रिप्ट या भाषेत. त्यात भरण्याचा प्रकार असा मांडलाय (उभी रेघ म्हणजे ‘किंवा’):

प्रकार भरणा
  = रोख
  | उधारी (दिवस)
  | चेक (क्रमांक, तारीख)

प्रत्येक शक्यतेसाठी एकेक हँडलर (त्या शक्यतेत काय करायचं ते सांगणारं फंक्शन) घ्यायचा आणि शेवटी एकच उत्तर द्यायचं, असं एक फंक्शन लिहिलंय. त्याला एक जण ‘फोल्ड’ म्हणतो, दुसरा ‘मॅच’. तिसऱ्याला हास्केल या भाषेची सवय, तो म्हणतो प्रकाराचंच नाव लहान अक्षरांत लिहा आणि मोकळे व्हा. नावांत खरा फरक आहे का, हँडलर कोणत्या क्रमाने घ्यायचे आणि यातून काही बिघडू शकतं का, हे विचारलंय.

भरण्यापुरतं बोलायचं तर तिघेही एकाच फंक्शनबद्दल बोलताहेत. या प्रकाराच्या पोटात पुन्हा भरणा नाही, त्यामुळे एकदा उघडलं की संपलं. फरक पडतो तो प्रकार स्वतःलाच पोटात घेतो तेव्हा, आणि तुमच्या कोडमध्ये तसा प्रकार असणारच. गठ्ठ्यांचंच घ्या:

प्रकार गठ्ठा
  = नग (वजन)
  | बांधणी (गठ्ठ्यांची यादी)

आता यावर दोन वेगळी फंक्शनं लिहिता येतात. उत्तराच्या प्रकाराला ‘र’ म्हणू, आणि बाणाच्या डावीकडे फंक्शन काय घेतं, उजवीकडे काय देतं:

मॅच : (वजन → र), (यादी गठ्ठा → र) → गठ्ठा → र
फोल्ड : (वजन → र), (यादी र → र) → गठ्ठा → र

फरक दुसऱ्या हँडलरच्या तोंडाशी आहे. मॅच सर्वात बाहेरची एक सुतळी सोडतं आणि आतले गठ्ठे जसेच्या तसे हातात देतं. पुढे आत जायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. फोल्ड मात्र थेट तळापर्यंत जातं, आतल्या प्रत्येक गठ्ठ्याचं उत्तर आधी काढतं आणि तुमच्या हातात गठ्ठे न देता उत्तरांची यादी देतं. एका चादरीचं वजन १.५ किलो, दहा चादरींची एक बांधणी, प्रत्येक बांधणीला २०० ग्रॅम पॅकिंग, आणि अशा चार बांधण्यांचा एक मोठा गठ्ठा असेल, तर फोल्डच्या हँडलरमध्ये ‘आलेल्या यादीची बेरीज अधिक ०.२’ एवढंच लिहायचं. आतल्या बांधण्या १५.२ किलोच्या होतात, बाहेरची ६१ किलोची, आणि कुठेही फंक्शनला स्वतःलाच हाक मारावी, म्हणजे पुन्हा चालवावं, लागत नाही. मॅचच्या हँडलरमध्ये हेच करायचं तर आधी यादीतल्या प्रत्येक गठ्ठ्यावर वजनाचं फंक्शन पुन्हा चालवावं लागतं.

इथे कुणी म्हणेल, प्रकार वेगळे आहेत ना, मग चुकीचं नाव ठेवलं तरी कंपायलर (कोड चालण्याआधी तपासणारा प्रोग्राम) पकडेलच. बहुतेक वेळा पकडतो. पण ‘र’च्या जागी ‘गठ्ठा’च आला, म्हणजे गठ्ठा घेऊन गठ्ठाच परत द्यायचा असेल, तर ‘यादी गठ्ठा → र’ आणि ‘यादी र → र’ या दोन्हींचं ‘यादी गठ्ठा → गठ्ठा’ होतं. दोन्ही फंक्शनांचे प्रकार तंतोतंत एक होतात आणि कंपायलर गप्प बसतो.

उदाहरणार्थ, रिकाम्या बांधण्या काढून टाकणारं फंक्शन घ्या. नग आला तर तो तसाच परत द्यायचा, बांधणी आली तर यादीतल्या रिकाम्या बांधण्या गाळून उरलेल्यांची बांधणी परत द्यायची. हेच दोन हँडलर फोल्डला दिले तर खालपासून वरपर्यंत सगळं साफ होतं. ज्या बांधणीत फक्त एक रिकामी बांधणी होती, तीही आधी रिकामी होते आणि वरच्या पातळीवर गाळली जाते. हेच हँडलर मॅचला दिले तर फक्त सर्वात बाहेरच्या यादीतल्या थेट रिकाम्या बांधण्या जातात, आत दडलेल्या तशाच राहतात. कोड एकच, प्रकार एकच, चाचणीसाठी घेतलेला नमुना एकाच पातळीचा असेल तर चाचणीही पास. डिलिव्हरी चलनावर शून्य नगांची ओळ छापली जाते तेव्हा कळतं.

म्हणून माझं मत असं आहे की नावाने किती खोल उघडणार हे सांगितलंच पाहिजे. एक पातळी उघडणाऱ्याला मॅच, तळापर्यंत जाणाऱ्याला फोल्ड. आज प्रकार रिकर्सिव्ह (स्वतःलाच पोटात घेणारा) नसला तरी हीच शिस्त ठेवा, कारण प्रकार बदलतात. उद्या भरण्यात ‘भागशः (भरण्यांची यादी)’ अशी शक्यता आली, आणि कापडाच्या धंद्यात थोडे रोख, थोडे उधार हे चालतंच, की त्या दिवशी ‘फोल्ड’ या नावाचा अर्थ काय, हा प्रश्न सगळ्या जुन्या हाकांना लागू होईल.

हा गोंधळ नावाजलेल्या लायब्रऱ्यांतही झालाय. टाइपस्क्रिप्टच्या एफपी-टीएस या लायब्ररीत आधी ऑप्शनसाठी (मूल्य असेल किंवा नसेल, असा प्रकार) ‘फोल्ड’ होतं आणि ॲरेसाठी, म्हणजे यादीसाठी, ‘फोल्डलेफ्ट’. पण तिथलं फोल्डलेफ्ट ॲरेभर फिरत नव्हतं. ॲरे रिकामा असेल तर पहिला हँडलर, नसेल तर पहिलं मूल्य आणि उरलेली शेपटी दुसऱ्या हँडलरला, एवढंच ते करायचं. स्काला भाषेतून आलेला माणूस त्याच नावाकडून संपूर्ण यादीची बेरीज अपेक्षित करतो. पुढे त्यांनी मॅच आणि मॅचलेफ्ट ही नावं आणली आणि जुनी नावं तशीच जोडून ठेवली.

फोल्डचा आणखी एक अर्थ आहे आणि तो जास्त फसवा आहे. एफ शार्प भाषेत ऑप्शनवरचं फोल्ड हे हँडलर-दर-शक्यता अशा धर्तीचं नाही. ते ऑप्शनला शून्य किंवा एक वस्तू मावणारा डबा मानतं. सुरुवातीची एक स्थिती द्यायची, डब्यात काही असलं तर स्थिती आणि वस्तू मिळून नवी स्थिती, नसलं तर जुनीच परत. स्कालात आणि ओकॅमलमध्ये मात्र त्याच नावाचं फंक्शन ‘नसेल तर हे, असेल तर ते’ असं आहे. हास्केलमध्ये दोन्ही अर्थ आहेत, पण नावं वेगळी ठेवलीत: शक्यतांसाठी मेबी आणि आयदर, डबा मानून फिरण्यासाठी फोल्डआर. आयदर प्रकारात डावं (लेफ्ट) किंवा उजवं (राइट) असं एकच मूल्य असतं. त्याला डबा मानलं की डावी बाजू हिशेबातच येत नाही, म्हणून ‘लेफ्ट ३’ची लांबी ० आणि ‘राइट ३’ची १. जोडीची लांबीही १ येते, कारण फक्त दुसरा घटक मोजला जातो. चूक धरू नका, व्याख्येनुसार ते बरोबरच आहे. पण भरण्यासारख्या प्रकारात सगळ्या शक्यता सारख्याच महत्त्वाच्या असतात, तिथे डब्याचा अर्थ मनात येऊच देऊ नये.

मग इतक्या जणांनी फोल्ड हे नाव का घेतलं? एक कारण अगदी साधं आहे: ओकॅमल, एफ शार्प, स्काला आणि रस्टमध्ये ‘मॅच’ हा राखीव शब्द आहे, फंक्शनला तो देता येत नाही. हास्केलमध्ये ‘केस’ राखीव आहे. टाइपस्क्रिप्टमध्ये ‘केस’ राखीव, ‘मॅच’ मोकळा. म्हणजे तुमच्याकडे योग्य नाव उपलब्ध आहे, ते वापरा. दुसरं कारण सैद्धांतिक: रिकर्सिव्ह नसलेल्या प्रकाराचं कॅटामॉर्फिझम (फोल्डचं गणिती नाव) आणि मॅच हे एकच असतात, म्हणून गणिताच्या अंगाने आलेल्या लोकांनी सरसकट फोल्ड म्हटलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, फक्त वाचणाऱ्याला खोली कळेनाशी झाली. लीन या भाषेत हे स्वच्छ वेगळं ठेवलंय. प्रत्येक प्रकारासोबत ‘केसेसऑन’ आणि ‘रेक’ अशी दोन फंक्शनं आपोआप तयार होतात, पहिलं एक पातळी उघडतं, दुसरं पूर्ण खोल जातं.

(फोल्डचं मराठी ‘घडी’ करून टीममध्ये वापरायचा मोह होईल. चादरीच्या गावात तो होणारच. पण ऐकणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी बांधतोय, आणि प्रत्यक्षात रचना मोडून एक मूल्य काढतोय. ‘उलगडा’ही चालत नाही, कारण अनफोल्ड हे बीजापासून रचना उभी करणारं उलटं फंक्शन आधीच आहे. इंग्रजी नावंच राहू द्या.)

प्रकाराचंच नाव देण्याची हास्केलची रीत सुटसुटीत आहे: मेबी, आयदर, बूल. तिच्यात एकच अडचण, व्हेरिएबललाही आपण तेच नाव देतो. फंक्शनचं नाव ‘भरणा’ ठेवलंत आणि कुणी आत ‘भरणा’ नावाचा पॅरामीटर घेतला, की बाहेरचं फंक्शन झाकलं जातं. छोट्या मॉड्यूलमध्ये चालून जाईल. बिलिंगमध्ये, जिथे निम्म्या फंक्शनांना भरणा हाच पॅरामीटर आहे, तिथे नको.

आता क्रम. सर्वमान्य संकेत असा की प्रकाराच्या व्याख्येत शक्यता ज्या क्रमाने लिहिल्या, त्याच क्रमाने हँडलर यावेत. हास्केलमध्ये ‘नथिंग’ (मूल्य नाही) आधी, ‘जस्ट’ (मूल्य आहे) नंतर, म्हणून मेबीला आधी ‘नसेल तर’चं पर्यायी मूल्य लागतं आणि मग फंक्शन. बूलमध्ये ‘फॉल्स’ आधी येतो, त्यामुळे बूल या फंक्शनला आधी खोट्याची बाजू द्यावी लागते, नेहमीच्या इफच्या उलट. दोन्ही बाजू एकाच प्रकारच्या असल्या की इथे हमखास अदलाबदल होते. ओकॅमलने यावर चांगला तोडगा काढला. ४.०८ आवृत्तीपासून ऑप्शनच्या फोल्डला ‘नन’ (नसेल तर) आणि ‘सम’ (असेल तर) अशी लेबलं आहेत, रिझल्टच्या फोल्डला ‘ओके’ आणि ‘एरर’. लेबल लावलं की क्रमाचा प्रश्नच उरत नाही.

तुम्ही टाइपस्क्रिप्टमध्ये हेच करा. दोनपर्यंत शक्यता असतील तर क्रमाने हँडलर चालतील. तीन झाल्या की एक ऑब्जेक्ट घ्या:

भरणा_मॅच({
  रोख: () => …,
  उधारी: (दिवस) => …,
  चेक: (क्रमांक, तारीख) => …
})

यात एखादी शक्यता विसरलात तर त्याच ओळीवर त्रुटी येते, नाव चुकलं तरीही येते. भरण्यात नवी शक्यता वाढवली की प्रत्येक हाक तुटते आणि तुटलेल्या ठिकाणांची आयती यादी हातात येते. स्विचमध्ये (शक्यतेनुसार वाट निवडणारी भाषेची रचना) डीफॉल्ट, म्हणजे उरलेल्या सगळ्यांसाठीची वाट, लिहून ठेवलेलं असेल तर नवी शक्यता गुपचूप त्यात पडते. स्विच ठेवायचाच असेल तर डीफॉल्टमध्ये उरलेलं मूल्य ‘नेव्हर’ प्रकाराच्या (ज्यात कोणतंच मूल्य बसत नाही) व्हेरिएबलला द्या, म्हणजे काही उरलंच तर कंपायलर अडवतो. हास्केलसारख्या करी केलेल्या (फंक्शनं एकेक करून गोष्टी घेतात अशा) भाषांत नवा हँडलर वाढल्यावर त्रुटी बऱ्याचदा भलत्याच जागी दिसते: एक हँडलर कमी दिला की उत्तराऐवजी फंक्शनच परत येतं आणि तक्रार ते उत्तर जिथे वापरलंय तिथे येते. तुमच्या टीममधल्या हास्केलवाल्याला हे माहीत असेलच.

सर्वात महाग पडणारी चूक नावाचीही नाही आणि क्रमाचीही नाही. पर्यायी बाजू मूल्य म्हणून घेतली की फंक्शन म्हणून, हा तो मुद्दा. हास्केल लेझी आहे, मेबीला दिलेलं पर्यायी मूल्य लागेपर्यंत काढलंच जात नाही. टाइपस्क्रिप्ट, ओकॅमल, रस्ट यांत हाकेच्या आधीच ते काढलं जातं. समजा बिलाचा क्रमांक असेल तर तोच ठेवायचा, नसेल तर नवा द्यायचा, आणि कुणी असं लिहिलं:

मॅच(नवा_क्रमांक(), क्र => क्र)(बिल.क्रमांक)

वाचायला निर्दोष. पण नवा_क्रमांक() प्रत्येक हाकेला चालतं, बिलाला क्रमांक असो वा नसो. जानेवारीत गड्डा यात्रेच्या गर्दीत शंभर बिलं पुन्हा छापली, त्यांतल्या सत्त्याण्णवांना आधीच क्रमांक होते, तर काउंटर शंभरने पुढे जातो आणि सत्त्याण्णव क्रमांक वाया जातात. जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिलाचे क्रमांक सलग हवेत, एका आर्थिक वर्षात प्रत्येक एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा. मधल्या भोकांचं स्पष्टीकरण हिशेबनीसाला द्यावं लागतं.

म्हणून जिच्यापुढे कंसात काहीच नाही अशी शक्यता असली तरी तिचा हँडलर फंक्शनच ठेवा: रोख: () => …. एफपी-टीएस तसंच करतं. रस्टने दोन वेगळी नावं ठेवलीत: मॅप ऑर मूल्य घेतं, मॅप ऑर एल्स फंक्शन घेतं. प्युअरस्क्रिप्टमध्ये मेबी आणि शेपटीला अपॉस्ट्रॉफी (') जोडलेलं मेबी, असा फरक आहे. जावात हाच सापळा ऑप्शनलच्या ‘ऑरएल्स’ आणि ‘ऑरएल्सगेट’मध्ये आहे. नेहमी फंक्शन घेण्याने एक क्लोजर (मेमरीत तयार होणारं छोटं फंक्शन) जास्त तयार होतो. बिलिंगमध्ये तो खर्च मोजण्याइतका नसतो. एका सेकंदात लाखो वेळा फिरणाऱ्या आतल्या लूपमध्ये मात्र साधा स्विच ठेवा.

उत्तराच्या प्रकाराबद्दल दोन शब्द. सगळ्या हँडलरांनी एकच ‘र’ परत द्यायचा असतो. टाइपस्क्रिप्टमध्ये एकाने आकडा आणि दुसऱ्याने मजकूर दिला तर तक्रार येते. वेगवेगळे प्रकार मुद्दाम एकत्र हवे असतील त्यासाठी एफपी-टीएसमध्ये नावापुढे डब्ल्यू लावलेलं मॅच आहे, त्यात उत्तरांचा युनियन (‘हे किंवा ते’ असा प्रकार) होतो. ते गरज पडली तरच वापरा, नाहीतर चुकून आलेला मजकूरही युनियनमध्ये सामावून जातो. स्काला २ मध्ये ऑप्शनच्या फोल्डची वेगळीच गंमत आहे: उत्तराचा प्रकार पहिल्या कंसावरूनच ठरतो. तिथे ‘नन’ दिलं की ‘र’ म्हणजे फक्त नन असं गृहीत धरलं जातं, आणि दुसऱ्या कंसात ‘सम’ दिलं की जुळत नाही अशी तक्रार. प्रकार स्वतः लिहून दिला की सुटतं.

अर्थ तपासायला एक छोटी चाचणी पुरते आणि ती प्रत्येक प्रकारासाठी लिहावी. हँडलरांच्या जागी त्याच प्रकाराचे कन्स्ट्रक्टर (रोख, उधारी अशी मूल्यं बनवणारी फंक्शनं) द्या. आत गेलेलं मूल्य जसंच्या तसं बाहेर आलं पाहिजे. आयदरला लेफ्ट आणि राइट दिले की काहीच बदलत नाही, फोल्डआरला यादी जोडणारा कन्स्ट्रक्टर आणि रिकामी यादी दिली की तीच यादी परत मिळते. समजा भरण्यात ‘हप्ते (संख्या)’ अशी शक्यता वाढवली. उधारीचे दिवस आणि हप्त्यांची संख्या दोन्ही नुसते आकडे. मॅचच्या आतल्या कोडमध्ये या दोन ओळींची अदलाबदल झाली तर कंपायलरला दिसणार नाही, आणि ४५ दिवसांची उधारी ४५ हप्ते होऊन बसेल. ही चाचणी ते लगेच पकडते. हाक मारणाऱ्याने केलेली अदलाबदल ती पकडत नाही, त्यासाठी वर सांगितलेली नावं हवीत. दिवस आणि संख्या यांना वेगळे प्रकार दिलेत तर दुहेरी बंदोबस्त होतो.

मात्र ही चाचणी खोली सांगत नाही. गठ्ठ्याच्या मॅचला आणि फोल्डला, दोघांनाही कन्स्ट्रक्टर दिले की गठ्ठा तसाच परत येतो. खोलीसाठी वेगळी चाचणी हवी: तीन पातळ्यांचा गठ्ठा घ्या, सर्वात आत एक रिकामी बांधणी ठेवा, आणि वरचं गाळणारं फंक्शन चालवा. दोन पातळ्या पुरत नाहीत, कारण तिथे मॅचही बरोबर उत्तर देतं.

फोल्ड कुठे वापरू नये तेही सांगतो. बाहेरच्या गठ्ठ्यावरचं लेबलच हवं असेल, तर फोल्ड सगळा गठ्ठा विनाकारण फिरतो. लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये (सगळं फक्त फंक्शनांनी मांडणारी गणिती पद्धत) हे जुनंच दुखणं आहे: चर्चच्या पद्धतीने मांडलेल्या अंकात फोल्ड आहे, म्हणून एक कमी करायला अंकाएवढ्या पायऱ्या लागतात, स्कॉटच्या पद्धतीत मॅच आहे, तिथे एकच पायरी. शिवाय फोल्डच्या हँडलरला मूळ गठ्ठा दिसत नाही, फक्त त्याचं उत्तर दिसतं. ‘ही बांधणी थेट नगांची आहे का?’ असा प्रश्न असेल तर मूळ आणि उत्तर दोन्ही देणारं तिसरं फंक्शन लागतं, त्याला पॅरा म्हणतात. त्यासाठी लायब्ररी आणण्यापेक्षा मॅच घेऊन हाताने रिकर्शन लिहिणं वाचायला सोपं पडतं.

एकाच वेळी दोन मूल्यांवर निर्णय असेल, म्हणजे भरणा उधारी आणि ग्राहक नवा, तेव्हा मॅचमध्ये मॅच कोंबू नका. तिथे भाषेचं स्वतःचं पॅटर्न मॅचिंग किंवा साधा इफ बरा.

नाव बदलायचा क्रम असा ठेवा. आधी भरणा_मॅच लिहून वरची चाचणी जोडा. भरणा_फोल्ड हे त्यालाच हाक मारणारं ठेवा आणि त्यावर डेप्रिकेटेडची (आता वापरू नये अशी) खूण लावा, म्हणजे एडिटरमध्ये ते खोडलेलं दिसेल. गठ्ठ्यासाठी मात्र आधीचं फोल्ड किती खोल जातं ते कोड वाचून ठरवा, नावावरून नाही. एक पातळीचं निघालं तर त्याचं नाव मॅच करा, पण ‘फोल्ड’ हे जोडनाव ठेवू नका. सगळ्या हाका एका फेरीत बदला आणि फोल्ड हे नाव निदान एक आवृत्तीभर रिकामंच ठेवा. त्याच नावाखाली खोल जाणारं नवं फंक्शन लगेच आणलंत, तर कुणाच्या शाखेत (कोडच्या वेगळ्या प्रतीत) राहिलेली जुनी हाक विनातक्रार कंपाइल होईल आणि वेगळं काम करील.